टोनआर्मची जुळणी : तबकडीच्या शेवटच्या खाचेपर्यंत स्वर स्वच्छ यावा म्हणून

शास्त्रीय गायनाची एलपी लक्षपूर्वक ऐकणाऱ्या अनेकांचा हा अनुभव असेल. विलंबित ख्याल चालू असतो तोवर आवाज मोकळा आणि स्वच्छ येतो. पण द्रुत सुरू होऊन ताना रंगू लागल्या आणि सुई मधल्या कागदी लेबलजवळ पोहोचली, की स्वराला बारीक खरखर चिकटते आणि शब्दांतले ‘स’ व ‘श’ फाटू लागतात. दोष तबकडीचा असावा असे समजून कित्येक जण ती बाजूला ठेवून देतात. जळगाव, भुसावळ आणि धुळे येथील परिचितांच्या घरी मी गेली काही वर्षे हौसेने टर्नटेबलची जुळणी करून देतो, आणि जुळणी नीट झाल्यावर अशा ‘खराब’ तबकड्या पुन्हा गाऊ लागल्याचे मी अनेकदा पाहिले आहे.

याचे कारण समजून घेतले की पुढची प्रत्येक पायरी आपोआप उलगडते. एलपी मिनिटाला ३३⅓ फेरे फिरते. बाहेरच्या कडेला सुईखालून दर सेकंदाला सुमारे ५१ सेंटिमीटर खाच सरकते, तर लेबलजवळ तीच लांबी जेमतेम २१ सेंटिमीटर उरते. म्हणजे तेवढाच नाद अर्ध्याहून कमी जागेत कोरलेला असतो. शिवाय मूळ तबकडी कोरणारे यंत्र कडेपासून केंद्राकडे सरळ रेषेत सरकते, आणि आपला टोनआर्म, म्हणजे सुई धरणारा हात, मात्र एका टोकाला खिळलेला असल्यामुळे कमानीत फिरतो. खाच ज्या कोनात कोरली गेली त्याच कोनात वाचली जाणे तबकडीवर फक्त दोन ठिकाणी शक्य असते. ती दोन ठिकाणे योग्य जागी आणणे आणि इतर ठिकाणची चूक कमीत कमी ठेवणे हा जुळणीचा गाभा आहे.

आधी जागा

टर्नटेबल जिथे ठेवायचे ती जागा सपाट आणि स्थिर नसेल तर पुढचे सर्व काम वाया जाते. गवंड्याकडची पाणसळ थाळीवर आधी आडवी व मग उभी ठेवून पाहावी आणि पायांचे स्क्रू फिरवून बुडबुडा मध्यभागी आणावा. पाय फिरणारे नसतील तर पायाखाली पातळ पुठ्ठ्याच्या चकत्या द्याव्यात. आपल्याकडच्या जुन्या धाब्याच्या घरांत माडीची जमीन लाकडी पाटणाची असते आणि माणूस चालला की ती हलते. अशा ठिकाणी टेबलाऐवजी भिंतीत घट्ट ठोकलेली फळी अधिक चांगली. भुसावळला रेल्वेमार्गालगत राहणाऱ्या एका स्नेह्यांच्या घरी मालगाडी जाताना स्पीकरमधून घुमारा येत असे. फळी भिंतीवर घेतल्यावर तो जवळपास नाहीसा झाला. स्पीकर आणि टर्नटेबल एकाच टेबलावर कधीही ठेवू नयेत.

कार्ट्रिज बसवणे

कार्ट्रिज म्हणजे टोनआर्मच्या टोकाला बसणारी, सुई असलेली डबी. ते विकत घेतानाच आपल्या टोनआर्मला मानवेल का, याचा हिशेब करावा. हाताचे परिणामी (हालताना सुईला जाणवणारे) वजन, कार्ट्रिजचे वजन आणि सुईच्या दांडीची लवचिकता यांच्या मेळातून एक नैसर्गिक कंपन तयार होते. ते ८ ते १२ हर्ट्झच्या दरम्यान असावे. वाकड्या तबकडीची वरखाली हालचाल याच्या खाली राहते आणि संगीत साधारण २० हर्ट्झच्या वर सुरू होते, म्हणून मधली ही जागा सुरक्षित असते. हिशेब सोपा आहे : हात, कार्ट्रिज आणि स्क्रू यांचे एकूण वजन ग्रॅममध्ये घ्यावे, त्याला लवचिकतेच्या आकड्याने गुणावे, आलेल्या गुणाकाराचे वर्गमूळ काढावे आणि १५९ ला त्या वर्गमुळाने भागावे. १२ ग्रॅमचा हात, ६ ग्रॅमचे कार्ट्रिज आणि अर्धा ग्रॅम स्क्रू असे साडेअठरा ग्रॅम झाले आणि लवचिकता १५ असली, तर उत्तर सुमारे साडेनऊ हर्ट्झ येते, जे उत्तम आहे. एक काळजी घ्यावी. काही उत्पादक, विशेषतः जपानी, लवचिकता १०० हर्ट्झला मोजून छापतात. तो आकडा या हिशेबात वापरताना साधारण दीडपट ते दुप्पट धरावा लागतो, नाहीतर चांगले कार्ट्रिज उगाच नापसंत केले जाते.

बसवताना सुईवरचे संरक्षक झाकण काढू नये आणि ॲम्प्लिफायर बंद ठेवावा. चार तारांचे रंग ठरलेले आहेत : पांढरी डाव्या बाजूची, निळी डाव्या बाजूची परतीची, लाल उजव्या बाजूची आणि हिरवी उजव्या बाजूची परतीची. तारेच्या टोकाची चिमुकली टोपी बारीक चिमट्याने धरून कार्ट्रिजच्या पिनेवर सरळ सरकवावी. ती सैल असेल तर टोपीत टाचणीचे टोक ठेवून किंचित आवळावी. पिनेवर डाग मात्र कधीही देऊ नये, कारण त्या उष्णतेने आतले केसासारखे तारेचे वेटोळे तुटते. दोन्ही स्क्रू आता फक्त इतके आवळावेत की कार्ट्रिज बोटाने ढकलले तर सरकेल, पण आपोआप हलणार नाही.

ढोबळ वजन

कोन जुळवण्याआधी सुईवर जवळपास खरे वजन असायलाच हवे. सुईची दांडी भाराखाली थोडी वर दबते आणि सुईचे टोक त्याबरोबर किंचित सरकते. भार न देता जुळवलेला कोन भार दिल्यावर खोटा ठरतो. सुरुवातीला मला हे ठाऊक नव्हते, आणि माझ्या स्वतःच्या टर्नटेबलवर मी दोन संध्याकाळी केलेली जुळणी त्यामुळे पुन्हा पहिल्यापासून करावी लागली.

अँटिस्केटिंगची (हाताची केंद्राकडची ओढ रोखणारी) कळ शून्यावर आणावी, सुईचे झाकण काढावे आणि हात थाळीच्या बाहेर मोकळा ठेवून मागचे वजन असे फिरवावे की हात तराजूच्या दांडीसारखा आडवा तरंगेल. मग वजन न हलवता त्यावरची आकड्यांची चकती शून्यावर आणावी आणि नंतर चकतीसह वजन फिरवून कार्ट्रिजला सांगितलेला आकडा धरावा. उत्पादकाच्या पत्रकात तो दिलेला असतो. उदाहरणार्थ, ऑर्टोफॉन २एम रेडला १.८ ग्रॅम, ऑडिओ-टेक्निका व्हीएम९५ईला २ ग्रॅम आणि डेनॉन डीएल-१०३ला अडीच ग्रॅम सांगितले आहेत.

कोन : सर्वांत संथपणे करायचे काम

यासाठी दोन बिंदूंचा जुळणीपट्ट लागतो, म्हणजे थाळीच्या मधल्या खुंटीवर बसणारा आणि वर सांगितलेली दोन ठिकाणे बिंदू व रेषांनी दाखवणारा पट्ट. तो कागदावर छापून घेतला तर छापताना आकार बदललेला नाही याची स्टीलच्या पट्टीने खात्री करावी. खुंटीच्या मध्यापासून दोन्ही बिंदूंची अंतरे मोजावीत, आणि अर्धा मिलिमीटरही फरक असेल तर तो कागद टाकून द्यावा. मधले छिद्र खुंटीवर घट्ट बसले पाहिजे. ते सैल असले तर सगळे मोजमाप त्या सैलपणाइतके चुकते.

आता बिंदू कोणते घ्यावेत, हा प्रश्न येतो. सर्वाधिक वापरली जाणारी रचना स्वीडनच्या एरिक लोफग्रेन यांनी १९३८ मध्ये मांडली. तिचे बिंदू केंद्रापासून ६६ आणि १२०.९ मिलिमीटरवर येतात. स्टीव्हन्सन यांची रचना आतला बिंदू ६०.३ मिलिमीटरवर, म्हणजे लेबलच्या अगदी जवळ नेते आणि बाहेरचा ११७.४ वर ठेवते. त्यामुळे शेवटच्या खाचा अधिक स्वच्छ वाजतात आणि त्याच्या मोबदल्यात मधल्या भागात चूक थोडी वाढते. चित्रपटगीते आणि भावगीते ऐकणाऱ्याने लोफग्रेनची रचना घ्यावी, हे माझे मत आहे. मात्र ज्यांच्या कपाटात प्रामुख्याने ख्यालगायनाच्या आणि वाद्यवादनाच्या एलपी आहेत, त्यांना मी स्टीव्हन्सनची रचना सुचवतो. एका बाजूला वीस-बावीस मिनिटांचा राग मावताना खाचा लेबलपर्यंत जातात, आणि गायकाने संपूर्ण मैफिलीत जपून ठेवलेला द्रुताचा आवेग नेमका तिथे कोरलेला असतो. पाश्चात्त्य सिंफनीच्या शेवटालाही हीच अडचण येते.

थाळी फिरू नये म्हणून तिच्या कडेला कागदाची घडी अडकवावी. डोळ्याला जवळचे दिसेल असे भिंग आणि चांगला उजेड हाताशी असावा. मी सकाळच्या उन्हात खिडकीशी बसतो. सुईचे टोक आधी बाहेरच्या बिंदूवर अलगद टेकवावे आणि समोरून पाहून कार्ट्रिजच्या कडा पट्टावरच्या रेषांना समांतर होईपर्यंत कार्ट्रिज हळूहळू वळवावे. मग थाळी थोडी फिरवून तीच सुई आतल्या बिंदूवर टेकवावी. इथेही कडा समांतर दिसल्या तर काम झाले, पण पहिल्या खेपेस तसे सहसा होत नाही.

पुढे काय करायचे यावर बहुतेक जण अडतात, म्हणून नियम नीट सांगतो. बाहेरच्या बिंदूवर कार्ट्रिज समांतर केले आहे, आणि आतल्या बिंदूवर समांतर होण्यासाठी त्याचे तोंड आणखी आत, खुंटीच्या दिशेने वळवावे लागेल असे दिसते : याचा अर्थ सुई खुंटीच्या पलीकडे जरुरीपेक्षा जास्त गेली आहे, म्हणून कार्ट्रिज मागे सरकवावे. उलट तोंड बाहेरच्या बाजूस वळवावे लागेल असे दिसले, तर कार्ट्रिज पुढे घ्यावे. एका वेळी अर्ध्या मिलिमीटरपेक्षा जास्त हलवू नये, आणि प्रत्येक वेळी हलवल्यावर बाहेरच्या बिंदूपासून पुन्हा सुरुवात करावी. पाच-सहा फेऱ्यांत दोन्ही ठिकाणे जुळतात. घाई केली की फेऱ्या वाढतात.

कार्ट्रिजच्या खोक्याच्या कडा सरळ असल्या तरी आतली दांडी नेहमी तितकीच सरळ असते असे नाही. म्हणून शेवटची खात्री भिंगातून दांडीकडे पाहून करावी; खरी सरळ दांडीची, खोक्याची नव्हे. जुळणी झाल्यावर दोन्ही स्क्रू आलटून पालटून थोडे थोडे आवळावेत, कारण एकच स्क्रू पूर्ण पिळला की कार्ट्रिज वळते. आवळून झाल्यावर पट्टावर पुन्हा पाहावे.

टेक्निक्स एसएल-१२०० आणि तशा धाटणीच्या टर्नटेबलला एक जवळची वाट आहे. हेडशेलच्या, म्हणजे कार्ट्रिज ज्यावर स्क्रूने बसते त्या टोनआर्मच्या पुढच्या भागाच्या, मागच्या रबरी कड्यापासून सुईच्या टोकापर्यंत ५२ मिलिमीटर अंतर ठेवून कार्ट्रिज हेडशेलमध्ये सरळ बसवले की उत्पादकाची रचना साधते. दोन बिंदूंची जुळणी केली तर मला तिथेही थोडा फरक ऐकू येतो, पण ५२ मिलिमीटरही वाईट नाही.

नेमके वजन, आणि सराफाचा काटा

चकतीवरचा आकडा हा अंदाज असतो. खात्री काट्यानेच होते, आणि खानदेशात तरी त्यासाठी फार शोधाशोध करावी लागत नाही. जळगावच्या सराफ बाजारात सोने ज्या काट्यावर तोलतात तो ग्रॅमच्या शंभराव्या भागापर्यंत किंवा त्याहून बारीक मोजतो. ओळखीच्या सराफाकडे आपला खिशातला लहान काटा एकदा नेऊन त्याच्याकडच्या प्रमाणित वजनांशी ताडून घेतला की तो बरीच वर्षे भरवशाचा राहतो.

दोन गोष्टींनी नोंद चुकते. काट्याची ताटली लोखंडी असेल तर कार्ट्रिजमधले चुंबक तिच्याकडे ओढले जाते आणि आकडा खोटा येतो. दुसरे म्हणजे, ताटली तबकडीच्या पृष्ठभागापेक्षा उंच असते, तर वजन तबकडीच्या उंचीवरच मोजले पाहिजे. दोन्हींवर एकच उपाय मी वापरतो : ॲल्युमिनियमची पातळ पट्टी दोनदा काटकोनात वाकवून तिचे एक टोक ताटलीवर चिकटवतो आणि दुसरे टोक काट्याच्या बाजूने खाली, तबकडीच्या पातळीवर आणतो. काटा शून्य करून सुई त्या खालच्या टोकावर टेकवायची.

सांगितलेल्या मर्यादेच्या वरच्या अर्ध्या भागात वजन ठेवावे. १.६ ते २ ग्रॅम सांगितले असेल तर १.८ ते १.९ ठेवावेत. वजन कमी ठेवले तर तबकडी कमी झिजेल, हा समज खोलवर रुजलेला आहे आणि तो चुकीचा आहे. भार अपुरा असला की मोठ्या स्वराला सुई खाचेची भिंत सोडते आणि परत येऊन तिच्यावर आदळते. ती इजा कायमची असते. मला प्रिय असलेल्या एका सतारवादनाच्या तबकडीतला ‘झाला’ (वादनाचा शेवटचा जलद भाग) मी याच काळजीपोटी सव्वा ग्रॅमवर वाजवून खराब केला, आणि आता सुई कितीही चांगली लावली तरी ती खरखर जात नाही.

आपल्याकडच्या हवामानाचाही विचार करावा. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४४ अंशांच्या पुढे जातो आणि थंडीत पहाटे तो १० अंशांच्या खाली उतरतो. सुईच्या दांडीला आधार देणारे रबर उन्हाळ्यात मऊ पडते आणि थंडीत ताठते. म्हणून ज्या खोलीत, ज्या वेळी आपण ऐकतो त्या तापमानाला वजन लावावे, आणि कडाक्याच्या थंडीत ऐकण्याआधी खोली थोडी ऊबदार होऊ द्यावी.

उंची आणि कल

टोनआर्मच्या मागच्या बाजूची उंची बदलली की सुई खाचेत उभी राहण्याचा कोन बदलतो. या विषयावर लोक फार वाद घालतात, परंतु आकडा पाहिला की मन शांत होते : साधारण २३० मिलिमीटर लांबीच्या हाताचे मागचे टोक ४ मिलिमीटर उचलले तर कोन केवळ १ अंशाने बदलतो. नेहमीच्या जाडीची तबकडी ठेवावी, तिच्यावर सुई टेकवावी, मागे समांतर रेषा आखलेले पांढरे कार्ड धरावे आणि हात त्या रेषांशी समांतर करावा. गोल किंवा लंबगोल टोकाच्या सुईला एवढे पुरे. अधिक धारदार टोकाच्या सुईसाठी यापुढे कानाने अर्धा-अर्धा मिलिमीटर वरखाली करून पाहावे. आवाज बोथट वाटला तर मागची बाजू किंचित वर आणि कर्कश वाटला तर किंचित खाली. काही टर्नटेबलांना उंची बदलण्याची सोय नसते. तिथे हात फारच तिरका दिसत असेल तरच खाली चकत्या घालाव्यात.

समोरून पाहताना कार्ट्रिज डावी-उजवीकडे कललेले नसावे. थाळीवर पातळ आरसा ठेवून त्यावर सुई टेकवावी. कार्ट्रिज आणि आरशातले त्याचे प्रतिबिंब मिळून एक सरळ आकृती दिसली पाहिजे. मध्ये मोड दिसला तर हेडशेल किंचित फिरवावे. हेडशेल फिरत नसेल आणि कल अगदी थोडा असेल तर त्याला हात न लावलेला बरा.

अँटिस्केटिंग

फिरणारी तबकडी घर्षणाने सुईला ओढते आणि हेडशेल वाकडे बसवलेले असल्यामुळे त्या ओढीचा एक भाग हाताला केंद्राकडे नेतो. परिणामी सुई खाचेच्या आतल्या भिंतीवर जास्त रेलते आणि बाहेरच्या भिंतीवरची पकड सैल होते. आतली भिंत डाव्या बाजूचा आवाज देते, बाहेरची उजव्या बाजूचा. तेव्हा सुरुवातीला अँटिस्केटिंग सुईच्या वजनाइतके ठेवावे आणि मोठ्या आवाजाचा, लेबलजवळचा भाग ऐकावा. उजव्या स्पीकरमध्ये आधी खरखर आली तर ते वाढवावे, डाव्यात आली तर कमी करावे. खाचा नसलेल्या कोऱ्या तबकडीवर हात स्थिर राहतो का हे पाहण्याची पद्धत मला पटत नाही, कारण कोऱ्या पृष्ठभागावरचे घर्षण आणि खाचेतले घर्षण एकसारखे नसते.

दुसरी फेरी आणि ऐकणे

उंची बदलली की वजन किंचित बदलते आणि हेडशेल फिरवले की कोन हलतो. म्हणून सगळे झाल्यावर पहिल्यापासून एक फेरी पुन्हा घालावी. ती पंधरा मिनिटांत होते. मग पाठ असलेली तबकडी लावावी. बाहेरच्या खाचा कोणत्याही जुळणीत बऱ्या वाजतात, म्हणून सुई थेट शेवटच्या तीन-चार मिनिटांवर ठेवावी. गायकाच्या ‘स’ला टोकदार कड आहे पण शिट्टी नाही, हार्मोनियमचे स्वर तानेखालीही वेगळे ओळखू येतात, तानपुरा दोन्ही स्पीकरांच्या मध्ये स्थिर उभा आहे, एवढे ऐकू आले की जुळणी साधली. तेवढ्यानेही खरखर गेली नाही आणि ती एकाच तबकडीवर येत असेल, तर ती तबकडी पूर्वी कुठेतरी जड किंवा झिजलेल्या सुईने वाजलेली आहे.

सुई मागून पुढे, मऊ ब्रशने, प्रत्येक बाजूनंतर साफ करावी. कापसाच्या हंगामात जिनिंगच्या आसपास राहणाऱ्यांनी यात कसूर करू नये, कारण हवेतला तंतू सुईभोवती गुंडाळला गेला की वजन आणि कोन दोन्ही बरोबर असूनही आवाज फाटतो.

ज्यांच्याकडे आजोबांच्या काळातल्या नाट्यगीतांच्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्या आहेत त्यांच्यासाठी वेगळी सूचना आहे. त्यांची खाच रुंद असते. एलपीची सुई तिच्या तळाशी जाऊन नुसती धूळ वाचते. त्यासाठी सुमारे ७५ मायक्रॉन जाडीच्या टोकाची स्वतंत्र सुई लागते आणि तिला बहुधा ५ ग्रॅमच्या आसपास भार द्यावा लागतो. ती सुई एलपीवर कधीही टेकवू नये. तसेच या तबकड्या लाखेच्या असतात, म्हणून त्या स्पिरिटने पुसू नयेत. स्पिरिटात लाख विरघळते.

जुळणी पूर्ण झाली की वजन, अँटिस्केटिंग, उंची आणि तारीख एका कार्डावर लिहून ते टर्नटेबलखाली चिकटवावे. महिन्याभराने स्क्रू तपासावेत आणि वजन पुन्हा मोजावे, कारण नव्या कार्ट्रिजचे रबर पहिल्या वीस-तीस तासांत थोडे सैलावते आणि तेव्हा लावलेली उंची नंतर किंचित बदललेली आढळते.